जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरून पुढे येण्याची वाट मोडू नका: साठवण-साधनांच्या विकासकांना खुले पत्र

प्रति,
वितरित साठवण प्रणाली उभारणाऱ्या मुक्तस्रोत साधनांचे विकासक व देखभालकर्ते यांस,

स.न.वि.वि.

मी मराठवाड्यातील एका शैक्षणिक संस्थेत सर्व्हर आणि साठवणीचे काम पाहतो. आमच्या ‘सेफ’ (Ceph) क्लस्टरवर, म्हणजे अनेक सर्व्हर जोडून केलेल्या सामायिक साठवणीवर, विद्यार्थ्यांचे प्रबंध आहेत, सोयाबीन आणि तुरीच्या शेतांची ड्रोनने टिपलेली छायाचित्रे आहेत, आणि निजामी राजवटीतील मोडी व उर्दू कागदपत्रांचे स्कॅनही आहेत. त्यांतील काही मूळ कागद आता हात लावण्याच्या स्थितीत राहिलेले नाहीत. हा सारा ऐवज आपण मुक्तपणे उपलब्ध करून दिलेल्या प्रणालीच्या भरवशावर, तीन-तीन प्रतींत, सुरक्षित आहे. त्याबद्दल मनापासून आभार मानूनच पुढचे लिहितो. पत्र मराठीत आहे, कारण या साधनांवर काम करणाऱ्यांत मराठी वाचणारे लोक आहेत, आणि परभणी, नांदेड, बीड, जालना येथे असेच क्लस्टर सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर नवी वैशिष्ट्ये चालावीत, अशी मागणी मी करत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम बदलणे आणि साठवण प्रणालीची आवृत्ती बदलणे ही दोन कामे एकाच पायरीत उरकण्याची सक्ती आपल्या साधनांनी आमच्यावर करू नये, आणि जुन्या सिस्टिमवरचा नोड, म्हणजे क्लस्टरमधला एकेक सर्व्हर, निदान ओळखण्याची, तपासण्याची आणि सुखरूप पुढे नेण्याची क्षमता त्यांनी टिकवून ठेवावी, एवढेच माझे मागणे आहे. पेरणी चालू असताना जोडीतला एक बैल बदलता येतो, तिफणही दुरुस्त करता येते; पण दोन्ही एकाच तासात बदला म्हटले की पेरणी थांबते. क्लस्टरचेही तसेच आहे, आणि तो तर थांबवताही येत नाही.

सेंटओएस ७ या मोफत लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचे उदाहरण घेऊ. ती २०१४ मध्ये आली आणि ३० जून २०२४ रोजी तिचा आधार, म्हणजे अधिकृत दुरुस्त्यांचा पुरवठा, संपला. त्या दहा वर्षांत छोट्या संस्थांनी उभारलेले कितीतरी सेफ क्लस्टर तिच्यावर आणि सेफ-डिप्लॉय या उभारणीच्या साधनाच्या मदतीने उभे राहिले. पुढे सेफ-डिप्लॉयची देखभाल थांबली. सेफच्या नॉटिलस आवृत्तीनंतरच्या आवृत्त्यांवर त्याची चाचणी होत नाही आणि सेंटओएस ८ वर ते चालत नाही, असे सेफच्या दस्तऐवजातच लिहिलेले आहे. त्याच्या जागी मार्च २०२० मध्ये ऑक्टोपस आवृत्तीबरोबर सेफएडीएम हे नवे साधन आले. ऑक्टोपसची पॅकेजेस सेंटओएस ७ साठीही दिली गेली होती, परंतु पायथन ३ या प्रोग्रॅमिंग भाषेची काही मॉड्यूल त्या सिस्टिमवर नसल्यामुळे डॅशबोर्ड आणि प्रोमिथियस या देखरेख-साधनाचे मॉड्यूल तेथे चालत नव्हते. त्यानंतरच्या पॅसिफिक आवृत्तीत सेंटओएस ७ पूर्णपणे वगळली गेली. म्हणजे ज्याचा क्लस्टर नॉटिलसवर, सेंटओएस ७ वर आणि सेफ-डिप्लॉयने उभारलेला होता, त्याला उभारणीचे साधन, ऑपरेटिंग सिस्टिम, साठवणीची आवृत्ती आणि डेमन, म्हणजे पार्श्वभूमीत सतत चालणारे प्रोग्रॅम, चालवण्याची पद्धत (पॅकेजऐवजी कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याच्या लायब्ररी एकत्र बांधलेली पेटी), असे चार बदल जवळजवळ एका दमात करायचे होते. त्यातच ८ डिसेंबर २०२० रोजी सेंटओएस ८ चा आधार २०२९ ऐवजी २०२१ च्या अखेरीसच संपेल असे जाहीर झाले, आणि जिकडे जायचे तो काठच खचला. यात आपला दोष नाही, हे मी जाणतो. पण अशा वेळी दोन्ही काठांवर चालणारी एखादी आवृत्ती आणि दोन्ही काठांना ओळखणारे साधन किती मोलाचे असते, हे त्या वर्षी दिसून आले. ऑक्टोपस ही अर्धीमुर्धी का होईना, तशी आवृत्ती होती. ती सेंटओएस ७ वरही चालत होती आणि ८ वरही, आणि जुना क्लस्टर सेफएडीएमच्या ताब्यात देण्यासाठी ‘अडॉप्ट’ ही आज्ञाही तिच्यात होती. ज्यांनी त्या वेळी हळूहळू, एका वेळी एकच गोष्ट बदलली ते पार झाले.

‘जुनी सिस्टिम टाकून नवी का घेत नाही?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आमच्याकडे तांत्रिक कमी, कार्यालयीन जास्त आहे. अनुदानित संस्थेतला सर्व्हर डेड स्टॉक रजिस्टरला नोंदलेला असतो. त्याचे निर्लेखन व्हायचे तर प्रस्ताव, समितीची पाहणी, मूल्यांकन आणि वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी एवढे टप्पे पार करावे लागतात. नवे यंत्र घ्यायचे तर मार्चअखेरच्या आत निधी, निविदा आणि पुरवठा हे तिन्ही जुळून यावे लागते. त्यामुळे २०१२-१३ च्या सुमारास घेतलेली यंत्रे आजही कामावर आहेत, आणि त्यांच्यातल्या डिस्क बदलून बदलून ती धडधाकटही आहेत. अशा यंत्राला ‘कालबाह्य’ म्हणणे सोपे आहे. पण ज्या संस्थेचा वर्षभराचा संगणक-निधी एका नव्या सर्व्हरलाही पुरत नाही, तिच्यासाठी वितरित साठवणीचे मुख्य आकर्षणच हे होते की साध्या आणि जुन्या यंत्रांवर भरवशाची साठवण उभी करता येते. हे आश्वासन आपल्याच क्षेत्राने दिले होते, आणि आम्ही ते मनावर घेतले.

आता एक तांत्रिक कारण जवळून दाखवतो, कारण उभारणीच्या साधनाला नेमके काय दिसत नाही ते त्यातून स्पष्ट होते. त्या काळातल्या पुष्कळ सर्व्हरमध्ये डिस्क जोडण्यासाठी एलएसआयच्या ‘एसएएस २००८’ चिपवर आधारलेले कार्ड असते. कार्ड उत्तम चालते, सेंटओएस ७ च्या कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, ते माहीत आहे. पण ज्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सवरून सेंटओएस बांधली जात असे, तिच्या ८ व्या आवृत्तीत या चिपचा आधार कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरमधून काढून टाकण्यात आला, आणि तिच्यावरून बांधलेल्या मोफत वितरणांमध्येही बहुधा तीच स्थिती आली. अशा यंत्रावर नवी सिस्टिम टाकायला घेतली की इन्स्टॉलरच्या डिस्क निवडण्याच्या पडद्यावर मदरबोर्डला थेट जोडलेली बूटची छोटी डिस्क तेवढी दिसते. बाकीच्या सगळ्या डिस्क, ज्यांच्यावर क्लस्टरचा डेटा आहे, यादीत नसतात. कसलीही चूक दाखवली जात नाही, इशारा येत नाही. ‘ईएलरेपो’ या समुदायाने तयार केलेली ड्रायव्हरची वेगळी डिस्क इन्स्टॉलरला दिली की त्याच डिस्क लगेच दिसू लागतात. उपाय आहे आणि तो चांगला आहे, पण त्याची माहिती शोधावी लागते, आणि ती शोधली जाते तेव्हा नोड बंद असतो.

नोड बंद असताना काय होते, ते आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. तरी आमच्यासारख्या लहान क्लस्टरसाठी त्याचा अर्थ सांगतो. तीन नोड, तीन प्रती, आणि किमान दोन प्रती उपलब्ध असतील तरच वाचन-लेखन चालू, अशी मांडणी असते. एक नोड सिस्टिम बदलण्यासाठी बाहेर काढला की प्रत्येक गोष्टीच्या दोनच प्रती उरतात, आणि तिसरी प्रत तयार करायला चौथा नोड नसतो. त्या अवधीत उरलेल्यांपैकी एक डिस्क गेली, तर तिच्यावरच्या डेटा-गटांचे वाचन-लेखन तेथेच थांबते. मे महिन्यात लातूर-नांदेडकडे पारा चाळिशीच्या वर असतो, भारनियमन असते, आणि जनरेटर चालू होईपर्यंतची मिनिटे बॅटरीवर काढावी लागतात. अशा दिवसांत अर्ध्या तासात व्हायला हवे असलेले काम ड्रायव्हर शोधण्यात सबंध दिवसावर गेले, तर धोका नेमका किती वाढतो हे कोणत्याही साठवणतज्ज्ञाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

सेफएडीएममध्ये यंत्र तपासण्याची ‘चेक-होस्ट’ ही आज्ञा आहे. कंटेनर चालवणारे इंजिन आहे का, सेवा चालवणारी सिस्टमडी आहे का, डिस्कचे भाग सांभाळणारी एलव्हीएम आहे का, घड्याळ जुळवणारी सेवा चालू आहे का, एवढे ती पाहते. ही तपासणी योग्य आहे, पण अपुरी आहे. याच ठिकाणी, एकही डिस्क न हलवता, साधनाला पुष्कळ सांगता येईल: या यंत्रातले कार्ड अमुक आहे, नव्या सिस्टिमच्या कर्नलमध्ये त्याचा आधार नाही, या प्रोसेसरवर नवी कंटेनर-इमेज (कंटेनरचा तयार साचा) चालणार नाही, पॉडमन या कंटेनर इंजिनची ही आवृत्ती या सेफ आवृत्तीला चालत नाही. यातली शेवटची माहिती दस्तऐवजात तक्त्याच्या रूपात आहेच. सेंटओएस ७ बरोबर येणारा पॉडमन १.६.४ आहे आणि पॅसिफिकला किमान २.० लागतो, हे त्या तक्त्याशी ताडून पाहणाऱ्याला समजते. पण जे माणसाने तक्ता वाचून ताडायचे ते साधनाने स्वतः ताडून सांगितले, तर चूक होण्याआधीच टळेल.

कंटेनर आले म्हणजे होस्टच्या सिस्टिमचा प्रश्न मिटला, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. इमेजमधल्या लायब्ररी इमेजबरोबर येतात हे खरे, पण कर्नल होस्टचाच असतो, कंटेनर इंजिन होस्टचेच असते आणि प्रोसेसरही होस्टचाच असतो. ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ सी-लायब्ररीच्या २.३४ आवृत्तीने नवा थ्रेड तयार करण्यासाठी ‘क्लोन-३’ ही नवी कर्नल-हाक, म्हणजे कर्नलकडे काम मागण्याची विनंती, वापरायला सुरुवात केली. डॉकर या कंटेनर इंजिनच्या जुन्या आवृत्त्यांची सुरक्षा-चाळणी ही हाक ओळखत नसे, आणि ‘अशी हाक अस्तित्वात नाही’ असे उत्तर देण्याऐवजी ‘परवानगी नाही’ असे उत्तर देत असे. पहिले उत्तर मिळाले असते तर ग्लिबसीने निमूटपणे जुनी हाक वापरली असती. दुसऱ्या उत्तरामुळे प्रोग्रॅम तेथेच कोसळतो. डॉकर २०.१०.१० मध्ये हे दुरुस्त झाले. पण ज्याच्या होस्टवर त्याआधीचे डॉकर आहे, त्याला केवळ डेमन सुरू होत नाही एवढेच दिसते, आणि तो परवानग्या, सेलिनक्स, फायरवॉल असे सगळे तपासत बसतो. प्रोसेसरची गोष्टही तशीच आहे. रेड हॅटच्या ९ व्या आवृत्तीने आणि तिच्या पायावर बांधलेल्या इमेजनी प्रोसेसरसाठी ‘एक्स८६-६४-व्ही२’ ही किमान पातळी ठरवली. २०२५ मध्ये आलेल्या १० व्या आवृत्तीने ती ‘व्ही३’ वर नेली. २०१२ च्या सुमाराचे झिऑन प्रोसेसर व्ही२ च्या परीक्षेत बसतात, व्ही३ च्या नाही. त्यामुळे उद्या आपण इमेजचा पाया बदलाल, तेव्हा साठवणीच्या कोडमध्ये एका ओळीचाही फरक न पडता आमच्यासारख्यांचे क्लस्टर पुढच्या आवृत्तीला मुकतील. रेड हॅटशी सुसंगत असलेल्या अल्मालिनक्सने १० व्या आवृत्तीसाठी व्ही२ ची वेगळी बांधणी उपलब्ध ठेवली आहे. म्हणजे हे अशक्य कोटीतले काम नाही. पाया बदलण्याचा निर्णय घेताना हा परिणाम समोर ठेवावा आणि किमान एक आवृत्ती आधी तो जाहीर करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण ‘जुनी’ म्हणजे ‘मेलेली’ असे समीकरण तिच्यामुळे खोटे ठरते. अ‍ॅन्सिबल-कोअर या, अनेक यंत्रांची मांडणी एका जागेवरून करणाऱ्या साधनाच्या २.१७ आवृत्तीने, मे २०२४ मध्ये, ज्या यंत्रांवर काम करायचे त्यांच्यावर पायथन ३.७ किंवा त्यापुढचा हवा अशी अट घातली. सेंटओएस ७ चा पायथन २.७ त्यात बसत नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु रेड हॅट ८ चा मूळ पायथन ३.६ सुद्धा त्यात बसत नाही, आणि त्या सिस्टिमचा आधार २०२९ पर्यंत चालू आहे. पॅकेज बसवणारे मॉड्यूल तर त्या मूळ पायथनशीच बांधलेले असते, त्यामुळे शेजारी दुसरा पायथन बसवूनही काम पूर्ण भागत नाही. अ‍ॅन्सिबलवर आधारलेली साठवण-उभारणीची साधने वापरणाऱ्याला नियंत्रण-यंत्रावरचे अ‍ॅन्सिबल २.१६ वर रोखून धरावे लागते. साधनाच्या सुरुवातीच्या पानावर हे एका वाक्यात लिहिलेले असावे. ते नसेल तर ज्या प्रशासकाने नियंत्रण-यंत्र सद्हेतूने अद्ययावत केले, त्याच्याच हातून पुढच्या वेळी क्लस्टरमध्ये साधी डिस्क वाढवण्याचे कामही अडते.

आपली बाजू मी विसरलेलो नाही. प्रत्येक जादा सिस्टिम म्हणजे चाचण्यांचा आणखी एक रकाना, बांधणीची आणखी एक यंत्रणा, आणि पायथनच्या दोन पिढ्यांना एकाच वेळी पेलणारे कोड. १ जानेवारी २०२० नंतर पायथन २ साठी कोड लिहीत राहणे कोणावरही लादता येणार नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेली सिस्टिम चालवणे धोक्याचे आहे, आणि ती चालवण्याला उत्तेजन मिळावे असे मलाही वाटत नाही. पण इथेच मला एक विसंगती जाणवते. आम्ही जुन्या सिस्टिमवरून लवकर हलावे अशी आपली इच्छा असेल, तर हलवण्याच्या साधनाने जुन्या सिस्टिमला ओळखणे सोडून कसे चालेल? नवीन क्लस्टर जुन्या सिस्टिमवर उभारायला ठाम नकार द्यावा, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. असलेला नोड तपासणे, रिकामा करणे, नव्या सिस्टिमवर परत उभा करणे, ही कामे मात्र नाकारू नयेत. त्यांना लागणारे कोड थोडे असते आणि ते क्वचितच बदलते.

हे जमते, याचा पुरावा आपल्याच कामात आहे. सेफ-डिस्क हे जुने साधन नॉटिलसमध्ये काढून टाकले गेले, तेव्हा त्याने तयार केलेल्या डिस्क वाऱ्यावर सोडल्या नाहीत. सेफ-व्हॉल्यूम या त्याच्या जागी आलेल्या साधनात ‘सिंपल स्कॅन’ ही आज्ञा दिली गेली. ती जुन्या पद्धतीची डिस्क वाचून तिची माहिती एका छोट्या जेसन फाइलमध्ये लिहून ठेवते, आणि त्या फाइलवरून तीच डिस्क, तिच्यातला एक बाइटही न हलवता, नव्या व्यवस्थेत सुरू होते. नव्या पद्धतीच्या डिस्कवर तर ओळख एलव्हीएमच्या खुणांमध्येच असते, त्यामुळे बूटची डिस्क पुसून नवी सिस्टिम टाकली तरी सेफ-व्हॉल्यूम सगळ्या डिस्क ओळखून जागच्या जागी उभ्या करते. डेटा ऑपरेटिंग सिस्टिमला बांधलेला नसावा, हा विचार त्यामागे आहे, आणि साठवणीच्या क्षेत्रातला तो अत्यंत उमदा विचार आहे असे मी मानतो. तसेच आरबीडीचे, म्हणजे सेफवरच्या आभासी डिस्कचे. जुन्या कर्नलवर नवी वैशिष्ट्ये असलेली अशी डिस्क-इमेज जोडायला गेले की ती जोडली जात नाही, पण नकाराबरोबरच कोणती वैशिष्ट्ये बंद करावीत याची संपूर्ण आज्ञा पडद्यावर लिहून येते. ती तशीच उतरवून चालवली की काम होते. आपल्या उभारणीच्या साधनांनी दिलेला प्रत्येक नकार या नमुन्याचा असावा.

पॅकेजेसबद्दल थोडेच सांगायचे आहे. सेफच्या जुन्या आवृत्त्या आपण उतरवण्यासाठी उपलब्ध ठेवल्या आहेत, हे फार चांगले केले आहे. परंतु सेंटओएस ७ ची आरशांची, म्हणजे पॅकेजेसच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरची, यादी देणारा पत्ता बंद झाला, मूळ पॅकेजेस जुन्या आवृत्त्यांच्या ‘व्हॉल्ट’मध्ये गेली आणि जादा पॅकेजेसचा ईपेल ७ हा साठा अभिलेखागारात गेला. साधनांनी लिहिलेल्या रिपॉझिटरीच्या फाइली मात्र जुन्याच पत्त्यांकडे बोट दाखवतात. हे पत्ते एका जागी, बदलता येतील असे ठेवावेत, आणि ज्या यंत्रांना इंटरनेट नाही किंवा क्षीण आहे त्यांच्यासाठी संस्थेच्या आतल्या आरशाचा पत्ता देण्याची सोय असावी. कंटेनर-इमेजसाठी स्थानिक रजिस्ट्री वापरण्याची सोय सेफएडीएममध्ये आहे; तालुक्याच्या ठिकाणी शेकडो मेगाबाइटची इमेज प्रत्येक नोडने वेगळी ओढण्याऐवजी एकदाच आणून ठेवता येते, याचे महत्त्व आम्ही रोज अनुभवतो. पॅकेजांनाही तीच वागणूक मिळावी.

या पत्राबरोबर मी काही देऊही इच्छितो. एसएएस २००८ कार्डाची, व्ही२ पातळीच्या प्रोसेसरची, सेंटओएस ७ वर अजून चालणारी यंत्रे आपल्या चाचणी-प्रयोगशाळांत बहुधा उरली नसतील. मराठवाड्यातील महाविद्यालयांमध्ये ती आहेत. आमच्या संस्थेतील क्लस्टरबाहेर ठेवलेले एक यंत्र अशा चाचण्यांसाठी देण्यास परवानगी मिळालेली आहे, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन प्रत्येक नव्या आवृत्तीच्या पूर्वप्रकाशनावर जुन्या सिस्टिमवरून स्थलांतराची चाचणी करून तिचा अहवाल पाठवण्याची माझी तयारी आहे. तपासणीच्या आज्ञेत कार्ड आणि प्रोसेसर ओळखण्याची भर घालणारे कोड लिहायलाही आम्ही बसू. ते कोणत्या शाखेवर पाठवावे, चाचणी कोणत्या स्वरूपात हवी आणि जुन्या सिस्टिमसंबंधीची दुरुस्ती स्वीकारली जाण्याचे निकष काय असतील, एवढे कृपया लेखी कळवावे, म्हणजे जून महिन्यात नवे सत्र सुरू होताच कामाला लागता येईल.

कळावे,

आपला विश्वासू,
एक साठवण-व्यवस्थापक
लातूर